गोळी, गुठळी आणि सरकारी मौन

गेल्या महिन्यात मेहकर तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात स्त्रियांच्या आरोग्याचा विषय निघाला आणि पाहता पाहता सभेत दोन तट पडले. एका तरुण साथीने आवेशाने सांगितले की, सरकारी दवाखान्यातून फुकट वाटली जाणारी संततिनियमनाची गोळी म्हणजे गरिबांच्या बायकांना घातलेले विष आहे. तिने रक्ताच्या गुठळ्या होतात, बाई मरते, आणि साम्राज्यवाद्यांना तेच हवे आहे. त्यावर आरोग्य खात्यात उभी हयात घालवलेले एक सद्‌गृहस्थ उठले. ते म्हणाले, "गोळी पूर्णपणे सुरक्षित आहे. असल्या गोष्टी बायकांच्या कानावर घालू नका. उद्यापासून एकही पाकीट उचलले जाणार नाही." दोघांनाही टाळ्या मिळाल्या. समारोप मला करावयाचा होता. मी दोघांच्या मध्ये कोठेतरी उभे राहून चार गुळगुळीत वाक्ये बोललो आणि खाली बसलो. त्याची रुखरुख लागून राहिली, म्हणून हा लेख.

पहिल्यानेच स्पष्ट सांगतो. आपल्या साथीचे म्हणणे खोटे आहे आणि त्या सद्‌गृहस्थांचेही खोटे आहे. दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा एकेक तुकडा आहे, आणि अर्धसत्य निखालस असत्यापेक्षा अधिक घातक असते. पण मला त्याहून गंभीर वाटते ते दोघांमधले साम्य. एकाला बाईला भीती दाखवून गोळीपासून दूर ठेवावयाचे आहे, दुसऱ्याला तिला अंधारात ठेवून गोळी गिळावयास लावावयाची आहे. तिला सर्व काही सांगावे आणि निर्णय तिच्यावर सोपवावा, हे दोघांच्याही मनात आले नाही. हा प्रश्न वैद्यकाचा आहेच. पण तितकाच तो लोकशाहीचा आहे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, वैद्यकाचा नव्हे. तरीही या विषयातील जे आता निर्विवाद ठरले आहे ते कोणत्याही सुशिक्षित माणसास समजण्याजोगे आहे. रक्त गोठणे हा शरीराचा दोष नसून संरक्षण आहे. विळा लागून बोट कापले तर रक्त गोठते म्हणून माणूस वाचतो. त्यासाठी लागणारी बहुतेक प्रथिने यकृत तयार करते. काही प्रथिने रक्त गोठविणारी, तर काही त्या गोठण्याला आवर घालणारी. तराजूची दोन पारडी समतोल असावीत तशी ही व्यवस्था आहे. माला-एन किंवा माला-डी या गोळीत दोन संप्रेरके असतात : एथिनिल एस्ट्राडायोल हे कृत्रिम इस्ट्रोजेन ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम. पाकिटातील २१ गोळ्यांत ही संप्रेरके असतात, उरलेल्या ७ लोहाच्या. तोंडावाटे घेतलेले हे इस्ट्रोजेन आतड्यांतून यकृताकडे जाते आणि तेथे गोठविणाऱ्या प्रथिनांचे उत्पादन वाढविते. उलट अँटिथ्रॉम्बिन आणि प्रथिन एस ही आवर घालणारी प्रथिने कमी करते. 'प्रथिन सी' नावाचा जो आणखी एक लगाम रक्तात असतो, त्यालाही रक्त पूर्वीसारखे जुमानत नाही. पारडे गोठण्याच्या बाजूने किंचित झुकते.

बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत या झुकण्याने काहीच होत नाही. पण त्याच पारड्यात आणखी एखादे वजन पडले तर पोटरीतील वा मांडीतील खोल नीलेत गुठळी धरू शकते. हे वजन अलीकडच्या बाळंतपणाचे असेल, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणास खिळण्याचे असेल, स्थूलतेचे वा वाढत्या वयाचे असेल, किंवा घराण्यातून आलेल्या एखाद्या रक्तदोषाचे असेल. ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर श्वास कोंडून माणूस जातो. क्वचित गुठळी मेंदूच्या नीलेत होते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने अशा शेकडो रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील कारणांच्या यादीत गर्भनिरोधक गोळ्या आहेत, आणि आपल्या ग्रामीण स्त्रियांचा पिढीजात सोबती असलेला रक्तक्षयही आहे. तेव्हा हा केवळ गोऱ्या बायकांचा आजार आहे, असे म्हणून कोणी सुटू नये.

आता धोका किती? युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये सर्व अभ्यासांचा आढावा घेऊन आकडे दिले. गोळी न घेणाऱ्या आणि गर्भवती नसलेल्या दहा हजार तरुण स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे २ जणींना गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची, म्हणजे आपल्या सरकारी पाकिटासारखी, गोळी घेणाऱ्या दहा हजारांत ५ ते ७ जणींना होते. डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडिन किंवा ड्रॉस्पिरेनोन असलेल्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना. आणि गरोदरपणात व विशेषतः बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हे प्रमाण कोणत्याही गोळीपेक्षा पुष्कळ अधिक असते. गुठळी झालेल्यांपैकी शेकडा एक-दोन जणी दगावतात.

हे आकडे आपल्या तरुण साथीने शांतपणे वाचावेत. दहा हजारांतील सात म्हणजे विष नव्हे. विष म्हणून गोळी नाकारली आणि नको असलेले गर्भारपण पदरी आले, तर गुठळीचा धोका कमी न होता वाढतो. हेच आकडे त्या सद्‌गृहस्थांनीही वाचावेत. दोनाचे सात होणे म्हणजे 'पूर्णपणे सुरक्षित' नव्हे. एक लाख स्त्रियांचा हिशेब मांडला तर वर्षाला तीस ते पन्नास जणींना जी गुठळी एरवी झाली नसती ती होते. त्या तीस-पन्नास जणींना नाव आहे, गाव आहे, लेकरे आहेत.

शासकीय मंडळींचा आवडता युक्तिवाद येथे येतो : "गर्भारपणात धोका जास्त, मग गोळीच्या धोक्याची चर्चा कशाला?" वरवर पाहता हा बिनतोड वाटतो. वस्तुतः त्यात एक चलाखी आहे. अर्थशास्त्रात पहिल्याच वर्षी शिकवतात की, एखाद्या निवडीची किंमत तिच्या सर्वांत चांगल्या पर्यायाशी ताडून पाहावी, सर्वांत वाईट पर्यायाशी नव्हे. गोळीला पर्याय केवळ गर्भारपण आहे काय? निरोध आहे, तांबी आहे, पुरुषाची नसबंदी आहे. यांपैकी कशानेही बाईच्या रक्तात गुठळी होत नाही. गोळीची तुलना फक्त गर्भारपणाशी करणारा माणूस नकळत कबूल करीत असतो की, नवऱ्याने काही करावे ही शक्यता त्याने हिशेबातूनच वगळली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. त्या जुलमाचा धडा म्हणून राज्यकर्त्यांनी जुलूम सोडला असता तर चांगले झाले असते. त्यांनी केवळ शरीर बदलले. पुरुषाकडून मतपेटीत शिक्षा मिळाली म्हणून कुटुंबनियोजनाचा सारा भार बाईच्या अंगावर टाकण्यात आला. बाई सभेत उठून प्रश्न विचारीत नाही, हा त्यामागचा अलिखित हिशेब.

दुसरी चलाखी सरासरीची. दहा हजारांत सात हा आकडा खरा, पण तो दहा हजार स्त्रियांवर सारखा वाटलेला नाही. ज्या बाईला पूर्वी गुठळी झाली आहे, जी नुकतीच बाळंत झाली आहे, जिच्या आई-बहिणीला तरुणपणी असा आजार झाला आहे, तिच्यासाठी ही सरासरी निरर्थक आहे. रक्तदाब फार वाढलेला असेल, किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर अशा बाईला गोळीने रोहिणीत गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत या सर्वांची नोंद आहे; अशांपैकी अनेकींना ही गोळी देऊच नये असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे धोका मुख्यतः कोठे आहे हे ठाऊक आहे, आणि तो टाळण्यास रक्तदाब मोजण्याचे एक साधे यंत्र, सहा-सात प्रश्न आणि पंधरा मिनिटे एवढेच भांडवल पुरते. ही पंधरा मिनिटे कोण देणार? २०११ मध्ये आशा सेविकांकडून घरपोच साधने पुरविण्याची योजना सुरू झाली, तेव्हा गोळ्यांच्या एका पाकिटामागे आशाताईने बाईकडून एक रुपया घ्यावा असे ठरले. सल्ला, प्रश्न, रक्तदाब, पुढची विचारपूस या सर्वांचे मोल एक रुपया! मायबाप सरकारने ज्ञानाची ही किंमत ठरविली. यात आशाताईचा दोष नाही. तिला राबवून घेणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही. गुठळीचा धोका गोळी सुरू केल्यावर पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो आणि पुढे उतरतो. चार आठवडे वा त्याहून अधिक खंड पडून गोळी पुन्हा सुरू केली की तो पुन्हा वर चढतो. आता आपल्या खेड्यांतील वास्तव आठवा. उपकेंद्रात दोन महिने पाकिटे येतात, तिसऱ्या महिन्यात संपतात, पाचव्या महिन्यात पुन्हा उगवतात. साठा संपणे ही कारकुनाच्या वहीतली किरकोळ बाब समजली जाते. प्रत्यक्षात त्या प्रत्येक खंडाने बाई दुहेरी संकटात सापडते : मधल्या काळात दिवस जाण्याचे आणि नंतर नव्याने गुठळीचे. पुरवठ्यातील ढिलाई हा येथे प्रशासकीय दोष राहत नाही; तो आजाराचे कारण बनतो.

माझ्या परिचयातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंची सून, वय चोवीस, दुसऱ्या बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यात तिला गोळ्यांची दोन पाकिटे मिळाली. मूल अंगावर पीत होते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आत अंगावर पाजणाऱ्या आईला ही गोळी देऊ नये, हा नियम तिला कोणी सांगितला नाही आणि तिने विचारावा अशी परिस्थितीही नव्हती. पंधरा दिवसांनी डावा पाय मांडीपर्यंत सुजला. घरच्यांनी बाळंतवात म्हणून शेक दिला, तेल लावून रगडले. गुठळी असलेला पाय रगडणे किती भयंकर, हे त्या माउलींना कसे कळावे? गावच्या खासगी डॉक्टरने दुखणे थांबविण्याचे इंजेक्शन दिले. नवव्या दिवशी तिला श्वास घेता येईना. जीपमध्ये घालून अकोल्यास नेले. तेथे पायाची सोनोग्राफी झाली, गुठळी सापडली, रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली आणि पोर वाचली. बैलजोडी मात्र वाचली नाही.

ती गुठळी गोळीने झाली की बाळंतपणाने, हे मी सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बाळंतपणाने एकटीने ती होऊ शकते. दोन्ही वजने एकाच पारड्यात पडली एवढे निश्चित. माझी तक्रार वेगळी आहे. ती गोळी घेत होती, ही गोष्ट तिच्या कागदांवर कोणीच लिहिली नाही. गावच्या वहीत पाकीट दिल्याची नोंद, शहराच्या फाईलीत पायाची सूज. दोन्ही नोंदी एकमेकींना कधीच भेटल्या नाहीत. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, त्याचे केंद्र गाझियाबादला आहे, १८००-१८०-३०२४ हा दूरध्वनी क्रमांक आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो ऐकला होता?

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. देशभर बातम्या झाल्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके धावून आली, पाण्याचे, धान्याचे नमुने गेले. हे योग्यच झाले. पण ते झाले कारण टक्कल दिसते. मांडीच्या आत धरलेली गुठळी दिसत नाही, आणि ती एका गावात एकदम शंभर जणींना होत नाही. दहा गावांत मिळून एखादीला होते. असा विखुरलेला मृत्यू फक्त नोंदवहीत दिसू शकतो. जेथे नोंदवही नाही तेथे धोकाही नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष काढता येतो.

या विषयाचा इतिहास हेच शिकवितो. १९५६ मध्ये या गोळीची मोठी चाचणी पोर्तो रिको बेटावरच्या गरीब वस्त्यांत झाली. चाचणीवर देखरेख करणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी सतरा टक्के स्त्रियांना त्रास होतो आणि हे प्रमाण फार आहे असे कळविले. त्यांचे म्हणणे बाजूला सारले गेले. १९६० मध्ये अमेरिकेत गोळी बाजारात आली, तेव्हा तिच्यातील इस्ट्रोजेन आजच्या माला-एनच्या कितीतरी पट होते. १९६१ मध्ये इंग्लंडमधील सफक परगण्यातील जॉर्डन नावाच्या एका साध्या खेडेगावच्या डॉक्टरने गोळी घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात गुठळी झाल्याचे 'लॅन्सेट'ला कळविले. १९६८ पर्यंत इनमन आणि व्हेसी यांनी ब्रिटनमधील तरुण स्त्रियांचे मृत्यू तपासून हा संबंध सिद्ध केला आणि १९६९ च्या डिसेंबरात तेथील औषध सुरक्षा समितीने अधिक इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळण्याचा इशारा दिला. हे ब्रिटनमध्येच का घडले? कारण तेथे सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा होती, प्रत्येक बाईचा एक ठरलेला डॉक्टर होता, आणि थॅलिडोमाइडच्या अनर्थानंतर १९६४ पासून दुष्परिणाम कळविण्याची पिवळ्या कार्डाची पद्धत होती. गुठळीचा शोध सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने लावला, कंपन्यांच्या प्रयोगशाळांनी नव्हे.

अमेरिकेत १९७० च्या जानेवारीत सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे गोळीवर सुनावणी झाली. साक्षीला एकही गोळी घेणारी बाई बोलाविली नव्हती. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या तरुणींनी उठून सुनावणी बंद पाडली आणि विचारले, आम्हांला हे का सांगितले नाही? त्या गोंधळातून गोळीच्या पाकिटात रुग्णासाठी माहितीपत्रक घालण्याचे बंधन आले. आपल्याकडेही हे घडले आहे. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरोनच्या भारी मात्रेच्या गोळ्या गर्भधारणा तपासण्यासाठी सर्रास दिल्या जात. त्यांवर १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, कंपन्यांनी न्यायालयातून स्थगिती आणली, आणि स्त्री-संघटना व आरोग्य कार्यकर्त्यांनी सहा वर्षे झगडून १९८८ मध्ये बंदी पदरात पाडून घेतली. मात्रा कमी झाली, माहिती मिळाली, बंदी आली. यांपैकी काहीही कोणी दान म्हणून दिलेले नाही.

बाजाराचे वर्तन पाहावयाचे असेल तर नव्या गोळ्यांकडे पाहा. नवी संप्रेरके, नवी वेष्टने, तेजस्वी त्वचेची आश्वासने आणि सरकारी गोळीच्या अनेक पट किंमत. गुठळीच्या बाबतीत मात्र त्या जुन्या स्वस्त लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीपेक्षा वाईट ठरल्या. १९९५ मध्ये ब्रिटनने याबद्दल इशारा दिला. ड्रॉस्पिरेनोनच्या गोळ्यांवरून बायर कंपनीला अमेरिकेतील हजारो स्त्रियांचे दावे मिटविण्यासाठी दीडशे कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली. महाग ते चांगले, या मध्यमवर्गीय श्रद्धेला येथे चांगलीच चपराक बसते. बुलडाण्याच्या उपकेंद्रातील फुकट पाकीट हे मुंबईच्या दुकानातील चकचकीत पाकिटापेक्षा रक्ताच्या दृष्टीने अधिक सुरक्षित आहे! हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे. आणि म्हणूनच, ही साधने बनविणारी एचएलएल ही सार्वजनिक कंपनी विकण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात प्रस्ताव मागविले, तेव्हा त्याचा अर्थ काय होता तेही सांगितले पाहिजे. स्वस्त, जुने, कमी धोक्याचे औषध बनविण्यात खासगी भांडवलास रस नसतो. त्यात नफा नसतो.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातली. महालक्ष्म्या आल्या, लग्न निघाले, शेगावची वारी ठरली की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणल्या जातात. त्यांतील नॉरएथिस्टेरोनचा काही अंश शरीरात त्याच एथिनिल एस्ट्राडायोलमध्ये रूपांतरित होतो; दिवसाला तीन गोळ्या म्हणजे काही प्रमाणात गर्भनिरोधक गोळीसारखाच भार. चार दिवसांसाठी बहुतेकींना त्याने काही होत नाही. पण जिला मुळात धोका आहे तिला विचारणार कोण? विटाळाच्या कल्पनेसाठी बाईने रक्ताशी खेळावे काय? आणि जेथे पाळीचे दिवस म्हणजे 'खाडा' आणि खाडा म्हणजे दंड, त्या ऊसतोडीच्या फडावर काय होते ते बीड जिल्ह्याने दाखविले आहे. तेथे २०१९ मधील पाहणीत सुमारे ब्याऐंशी हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. देव आणि मुकादम, दोघांच्याही सोयीसाठी शरीर बदलावयाचे ते बाईनेच.

तरीही, साथींनो, या सर्व संतापाचे रूपांतर 'गोळी नको' या घोषणेत होऊ देऊ नका. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले, त्यापायी नोकरी गमावली, खटले सोसले. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाची साधने लोकांना मिळावीत असा ठराव बाबासाहेबांच्या पक्षाने आणला आणि तो फेटाळला गेला. फेटाळणाऱ्यांचे वंशज आजही 'गोळी म्हणजे पाप' म्हणताहेत. आपण 'गोळी म्हणजे विष' म्हटले तर त्यांच्याच रांगेत जाऊन उभे राहू. मूल केव्हा आणि किती, हे ठरविण्याचा अधिकार श्रमजीवी स्त्रीने फार महागात मिळविला आहे. तो काढून घेण्यासाठी गुठळीचा बागुलबुवा आपल्या हातून उभा राहता कामा नये.

"खरे सांगितले तर बायका गोळी टाकतील" या आक्षेपालाही उत्तर द्यावयास हवे. देशात गोळी घेणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४.१ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ५.१ टक्के. माला-डी १९८७ पासून बाजारात आहे. इतक्या वर्षांच्या मौनाने मिळविले ते एवढेच! ज्या बाईला काहीच सांगितलेले नसते ती पहिल्या मळमळीला, पहिल्या अफवेला गोळी उकिरड्यावर फेकते. जिला काय होऊ शकते आणि काय झाल्यास धावत यावयाचे हे ठाऊक असते, ती टिकते. लपवाछपवीने विश्वास निर्माण झाल्याचे उदाहरण मला इतिहासात सापडलेले नाही.

मग आपली मागणी काय असावी? पहिले पाकीट देण्यापूर्वी रक्तदाब मोजलाच पाहिजे आणि ठरलेले प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्या कामाचे रास्त मानधन आशाताईस मिळाले पाहिजे. एकाच पायाची सूज व दुखणे, अचानक धाप, छातीत कळ, थुंकीतून रक्त, कधी न उठलेली भयंकर डोकेदुखी, अंगाच्या एका बाजूची शक्ती जाणे : यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, हे मराठीत, चित्रांसह, प्रत्येक पाकिटासोबत दिले पाहिजे. साठ्यात खंड पडता कामा नये. तालुक्याच्या रुग्णालयात गुठळी ओळखण्याची सोनोग्राफी आणि रक्त पातळ करणारे औषध असले पाहिजे. २०२४ मध्ये बुलडाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, त्याने घाटावरच्या आणि घाटाखालच्या तेराही तालुक्यांतील अशा रुग्णांची नोंद ठेवून ती दरवर्षी जाहीर केली पाहिजे. नसबंदीत दगावणाऱ्यांच्या कुटुंबास भरपाई देणारी योजना शस्त्रक्रियेपुरती आहे. सरकारने वाटलेल्या गोळीने जिचे नुकसान झाले तिलाही भरपाई हवी. आणि कुटुंबनियोजनाच्या प्रत्येक सभेत पुरुषांनी पहिल्या रांगेत बसले पाहिजे, त्याची सुरुवात आपल्या पक्षाच्या सभांपासून व्हावी.

यांत एकही मागणी अशक्य नाही, एकीलाही अफाट पैसा लागत नाही. लागते ती एकच गोष्ट : गरीब बाईला आकडा समजतो, धोका समजतो आणि निर्णयही घेता येतो, असे मानण्याची तयारी. दुष्काळात बियाणे राखून ठेवावे की खावे, कर्ज सावकाराचे काढावे की सोसायटीचे, हे निर्णय ती रोज घेते. दहा हजारांत दोन आणि दहा हजारांत सात यांतील फरक तिला समजणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा खामगावच्या बाजारात तिला भाजीचा हिशेब करताना पाहावे. मेहकरला मी जो समारोप करावयास हवा होता, तो हा.